क्लस्टर ३, आयटम ११

सकाळी ८.५०

तिकीट रात्री उशिरा आलेलं आहे आणि एका ओळीचं आहे: ‘ओटीपी डिलेचं ॲव्हरेज मेट्रिक हवं, अर्जंट.’ कुठल्या टप्प्यातला डिले, किती वेळाचं ॲव्हरेज, कुणी विचारलं, काही नाही. अर्जंट हा शब्द मात्र न चुकता आहे.

आमची कंपनी बँका, रुग्णालयं, गॅस एजन्सी अशांचे एसएमएस दूरसंचार कंपन्यांपर्यंत पोचवते. आम्ही पुण्यात बाणेरला बसतो, यंत्रं नवी मुंबईत महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये आहेत. तिथे काय चाललंय ते मला फक्त आकड्यांतून कळतं. त्या आकड्यांना नावं द्यायची, ती योग्य फांदीला लावायची आणि पुढे कुणी त्यांचा भलताच अर्थ काढणार नाही याची तजवीज करायची, हे माझं काम. पगाराच्या चिठ्ठीवर पद वेगळं आहे.

तिकिटाला उत्तर टाकलं: ‘दहाला बसू. ॲव्हरेज देणार नाही, पण हवं ते दिसेल.’

सकाळी ९.१५

बैठकीआधी आकड्यांच्या नावांचं झाड बघून घेतो. आम्ही परफॉर्मन्स को-पायलट वापरतो, बोलण्यात पीसीपी. १९९० च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत ही प्रणाली घडली, २००० साली मुक्त स्रोत झाली आणि आता रेड हॅटच्या लिनक्समध्ये मागाल तेव्हा हजर असते. प्रत्येक यंत्रावर पीएमसीडी नावाचा एक डीमन ४४३२१ या पोर्टवर कान लावून बसलेला असतो. त्याला स्वतःला फारसं काही ठाऊक नसतं. कर्नलचं काही विचारलं तर तो लिनक्सच्या एजंटकडे जातो, डेटाबेसचं विचारलं तर डेटाबेसच्या. या एजंटांना पीएमडीए म्हणतात. एसएमएस बाहेर पाठवणाऱ्या आमच्या प्रोग्रामसाठी, म्हणजे डिस्पॅचरसाठी, आम्हीच पायथनमध्ये लिहिलेला एक पीएमडीए आहे.

पीएमइन्फो ही आज्ञा दिली की सगळी नावं पडद्यावरून धो धो वाहतात. कर्नल, मेम, डिस्क, नेटवर्क आणि त्यांच्या पोटात टिंबाटिंबांनी उतरत गेलेली नावं: कर्नल.ऑल.लोड, मेम.युटिल.फ्री, डिस्क.डेव्ह.रीड. यात हिन्व्ह नावाची एक फांदी आहे, जिच्यावर हिन्व्ह.एनसीपीयू म्हणजे प्रोसेसरांची संख्या लागलेली असते. हिन्व्ह ही सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरची आज्ञा होती, यंत्रात काय काय हार्डवेअर आहे ते सांगणारी. आयरिक्सवर चालणारी यंत्रं त्या कंपनीने २००६ च्या अखेरीस विकायची थांबवली. आमच्याकडे आलेल्या नव्या मुलांनी तसलं यंत्र फोटोतही पाहिलेलं नाही, पण प्रोसेसर मोजायला हिन्व्हच टाइप करतात. नाव घाईने ठेवू नये, असं मी म्हणतो तेव्हा मला हेच म्हणायचं असतं.

आमची फांदी एसएमएस. तिच्याखाली इन, आउट, क्यू. एका नावाला एकाच वेळी पान आणि फांदी होता येत नाही, हा या झाडाचा कडक नियम. उद्या मी ‘एसएमएस.डिले’ असं सुटसुटीत पान लावून मोकळा झालो, तर परवा ‘एसएमएस.डिले.ओटीपी’ लावायला जागा उरत नाही. छोटं आणि सुंदर नाव सुचलं की म्हणूनच मी सावध होतो.

सकाळी १०.००

बैठकीला प्रॉडक्ट बघणाऱ्या मॅडम, डिस्पॅचर लिहिणारा सहकारी, माझी ज्युनियर आणि मी. मॅडमना एका बँकेने विचारलंय: तुमच्याकडून ओटीपी उशिरा का येतात? मॅडमना एक आकडा हवाय, जो त्या बँकेला दाखवतील.

पहिला प्रश्न मीच टाकला. घड्याळ कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं? बँकेची विनंती आमच्या दारात आली तेव्हा सुरू, हे सगळ्यांना मान्य. थांबवायचं कधी यावर पाऊण तास गेला. आम्ही दूरसंचार कंपन्यांशी एसएमपीपी या प्रोटोकॉलने बोलतो. सबमिट नावाचा निरोप पाठवला की पलीकडून ‘मिळाला’ अशी पोच येते, आणि मेसेज ग्राहकाच्या हातातल्या फोनवर उतरला की नंतर केव्हातरी डिलिव्हरी रिपोर्ट येतो. मॅडमना अर्थातच दुसरा हवा होता. सहकारी म्हणाला, माणूस भीमाशंकरच्या जंगलात ट्रेकला गेला असेल, फोन बंद असेल, तर रिपोर्ट रात्री येतो. तो वेळ आपल्या खात्यावर घ्यायचा का? मॅडम म्हणाल्या, ‘बँकेला त्याच्याशी काय देणंघेणं?’ त्यांचंही चूक नव्हतं. पण आज जे मोजायचं ते आमच्या घरातलं: विनंती आल्यापासून दूरसंचार कंपनीची पोच मिळेपर्यंत. मग नावात ‘डिले’ नको आणि ‘ओटीपी’ही नको, कारण आकडा त्याहून कमी सांगणार आणि नाव त्याहून जास्त वचन देणार. ठरलं: एसएमएस.आउट.वेट.

मग ॲव्हरेज. या मुद्द्यावर मी हट्टी आहे आणि तसं असण्याची मला लाज वाटत नाही. एजंटनेच सरासरी काढून दिली, तर ती कुठल्या काळाची? शेवटच्या मिनिटाची म्हणावी, तर आमचा नोंदवही लिहिणारा पीएमलॉगर मिनिटाला एकदा वाचतो, पण रात्री काही बिघडलं की पाळीवरचा मुलगा दर दोन सेकंदांनी वाचत बसतो. त्याला तोच गिळगिळीत आकडा पुन्हा पुन्हा दिसेल. शिवाय सरासऱ्यांची सरासरी काढून दिवसाची सरासरी मिळत नाही. पहाटे तीनच्या मिनिटात चार मेसेज गेले आणि सकाळी अकराच्या मिनिटात चार हजार गेले, तरी दोघांना सारखंच वजन मिळतं.

त्याऐवजी दोन काउंटर द्यायचे. एक, सुरू झाल्यापासून सगळ्या मेसेजांनी मिळून किती मिलिसेकंद वाट पाहिली. दुसरा, किती मेसेज गेले. दुसरा आमच्याकडे आधीपासून आहेच. फळ्यावर लिहून दाखवलं: समजा दहा वाजता वाट पाहण्याची बेरीज ४८,००,००० आणि गेलेले मेसेज १२,०००. दहा वाजून पाच मिनिटांनी ६३,००,००० आणि १३,५००. फरक १५,००,००० मिलिसेकंद आणि १,५०० मेसेज, म्हणजे या पाच मिनिटांत एका मेसेजने सरासरी एक सेकंद वाट पाहिली. पाच मिनिटं घ्या, दिवस घ्या, महिना घ्या, वाचणाऱ्याने आपल्याला हवा तो तुकडा कापावा. लिनक्स डिस्कच्या बाबतीत नेमकं हेच करतं: किती वाचनं पूर्ण झाली आणि त्यात एकूण किती मिलिसेकंद गेले, असे दोन चढते आकडे देऊन गप्प बसतं. भागाकार ज्याचा त्याने करायचा.

‘पण मग मला ॲव्हरेज दिसणार कुठे?’ मॅडमनी विचारलं. वाचणाऱ्याच्या बाजूला. पीसीपीत डिराइव्हड मेट्रिक लिहिता येतं, म्हणजे असलेल्या नावांवरून सूत्राने बनवलेलं नवं नाव. ते चुकलं तर फक्त सूत्र बदलायचं, नोंदवहीतला मूळ आकडा शाबूत राहतो. मॅडमनी मान डोलावली, ती पटल्याची होती की पुढच्या बैठकीला उशीर झाल्याची, ते सांगता येत नाही.

सहकाऱ्याने खरी दुखरी जागा दाखवली. ओटीपी तीन मिनिटांत मरतो. हजारातले नऊशे नव्वद पटकन गेले आणि दहा चार मिनिटं अडकले, तर सरासरी छान दिसेल आणि दहा माणसं बँकेला शिव्या घालतील. मग आणखी दोन नावं वाढली. एसएमएस.आउट.लेट म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त थांबलेले मेसेज, आणि एसएमएस.आउट.ओल्डेस्ट म्हणजे रांगेतल्या सगळ्यात जुन्या मेसेजचं वय. हे शेवटचं मला फार आवडतं. पाठवणं पूर्णच बंद पडलं तर वाट पाहण्याची बेरीज वाढत नाही, कारण कुणी बाहेरच पडत नसतं. त्या वेळी सगळं शांत दिसतं आणि हा एकटा वाढत असतो.

सध्या मर्यादा ३० सेकंद. सहकारी म्हणाला, नावातच ‘लेट_३०’ लिहू. ज्युनियर पहिल्यांदाच बोलली: ‘सर, उद्या २० केली तर?’ तिचाच उपाय मान्य झाला. मर्यादा हेसुद्धा एक मेट्रिक म्हणून बाहेर द्यायचं, एसएमएस.आउट.लेट_लिमिट, डिस्क्रीट प्रकारचं, म्हणजे क्वचितच बदलणारं आणि पुढचा बदल होईपर्यंत तेच खरं मानायचं. मर्यादा कधी बदलली ते नोंदवहीत आपोआप राहील. अशी ज्युनियर मिळाली की माणसाने जपावी.

सकाळी ११.४५

नावं माणसांसाठी. यंत्राला लागतो तो क्रमांक, पीएमआयडी. एकूण ३२ बिटं: एक बिट राखीव, ९ बिटं डोमेनची, १२ क्लस्टरची, १० आयटमची. डोमेन म्हणजे एजंट कोणता, क्लस्टर म्हणजे त्याच्या पोटातला गट, आयटम म्हणजे गटातला नग. लिनक्सच्या एजंटचं डोमेन ६०, त्यामुळे कर्नल.ऑल.लोडचा क्रमांक ६०.२.०. आमच्या एजंटसाठी डोमेन निवडताना स्टँडर्ड यादीतला मोकळा क्रमांक घेतला होता. क्लस्टर ३ हा ‘बाहेर जाणाऱ्यां’चा, त्यात आयटम १० पर्यंत भरलेले आहेत.

ज्युनियरला क्लस्टर ३ मध्ये ६ नंबर रिकामा दिसला. ‘वेटला हा देऊ? मधलं भोक भरून निघेल.’

नाही. गावात शेताला काहीही म्हणतात, आंब्याची पट्टी, वरचं वावर, पण व्यवहार सातबाऱ्यावरच्या गट नंबराने होतो. पीएमआयडी हा तो गट नंबर. आयटम ६ वर पूर्वी एक इन्स्टंट प्रकारचा आकडा होता, त्या क्षणी किती जोडण्या उघड्या आहेत ते सांगणारा. पुढे तो काढून टाकला. पण पीएमलॉगरने लिहिलेल्या जुन्या संग्रहांत तो आहे, आपल्या वर्णनासकट: प्रकार, एकक, अर्थ. आता त्याच क्रमांकावर मिलिसेकंदांचा काउंटर बसवला आणि कुणी दोन काळांचे संग्रह पीएमलॉगएक्सट्रॅक्टने जोडायला गेलं, तर ते साधन वर्णनं जुळत नाहीत म्हणून अडून बसेल. मग पीएमलॉगरीराइटचे नियम लिहा, जुने संग्रह फिरवून घ्या, एक दिवस गेला.

आणि अडून बसलं तर नशीब म्हणायचं. खरी भीती उलटी आहे. समजा, जुना आणि नवा दोन्ही ६४ बिटांचे काउंटर, दोन्हींचं एकक ‘नग’, पण एक मोजतो गेलेले मेसेज आणि दुसरा अडकलेले. वर्णनं तंतोतंत जुळतात, कुणी तक्रार करत नाही, आणि वर्षभराच्या आलेखाच्या मधोमध रेघेचा अर्थ बदललेला असतो. ते कुणाच्याही लक्षात येत नाही.

तिने कोडमध्ये ६ समोर शेरा लिहिला: ‘निवृत्त, पुन्हा वापरू नये.’ वेटला ११, लेटला १२, लेट_लिमिटला १३, ओल्डेस्टला १४.

दुपारी १.१०

डबा. मेथीची भाजी होती.

दुपारी १.४५

जेवल्यावरचा पहिला वाद इन्स्टन्सांचा. आउटची सगळी मेट्रिक्स आम्ही दूरसंचार कंपनीगणिक देतो. कंपनीचं नाव मेट्रिकच्या नावात कधीच घालत नाही. नाव एकच, एसएमएस.आउट.वेट, आणि त्याखाली इन्स्टन्सांचा एक संच. कर्नल.ऑल.लोडला तसेच तीन इन्स्टन्स असतात, एका, पाच आणि पंधरा मिनिटांचे. नवी कंपनी जोडली की संचात एक भर पडते, झाड तसंच राहतं आणि आलेखाचं कॉन्फिग कुणाला बदलावं लागत नाही.

या संचाचे दोन नियम नव्या माणसाला हमखास चकवतात. पहिला, इन्स्टन्सचं बाहेरचं नाव पहिल्या स्पेसपर्यंत एकमेव असायला हवं. ‘मुंबई मुख्य’ आणि ‘मुंबई राखीव’ अशी दोन नावं दिली तर पीसीपीच्या लेखी दोन्ही मुंबईच. जोडचिन्ह वापरायचं. दुसरा, आतला क्रमांक टिकाऊ हवा. आज एका जोडणीला ३ आणि एजंट पुन्हा सुरू झाल्यावर तिलाच ५, असं झालं की संग्रहात दोघांची सरमिसळ. त्यासाठी क्रमांक डिस्कवर जपून ठेवणारी कॅश पीसीपीच्या लायब्ररीत तयार मिळते. तरीही हौशी लोक यादीतला अनुक्रमच क्रमांक म्हणून देऊन टाकतात.

मग नकारांचं प्रकरण निघालं. दूरसंचार कंपनीने मेसेज नाकारला तर का नाकारला, हे आम्ही आजवर फक्त लॉगमध्ये लिहीत होतो. भारतात हे ‘का’ फार महत्त्वाचं आहे. ट्रायच्या २०१८ च्या विनियमांनंतर व्यावसायिक एसएमएसचा पाठवणारा आणि मजकुराचा साचा, दोन्हींची आधी नोंदणी लागते, आणि निघालेला मेसेज साच्याशी पडताळून पाहिला जातो. मार्च २०२१ मध्ये ही चाळणी सुरू झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती सात दिवसांसाठी थांबवावी लागली. बँकेत कुणी तरी साच्यात एक स्वल्पविराम बदलतं, नवा साचा नोंदवायचा राहतो, आणि फोन मात्र आम्हाला येतो. कारणागणिक नकार मोजले असते तर फोन यायच्या आधीच आम्ही बँकेला कळवलं असतं. मी हे मेट्रिक कधीपासून मागत होतो. मॅडमच्या तिकिटाच्या पाठीवर बसून आज ते आत घेतलं.

ठेवायचं कुठे? एसएमएस.आउट.रिजेक्टेड हे पान आहेच, त्यामुळे त्याच्याखाली काही लावता येत नाही. पीसीपीतली रीत बघितली. डिस्कचे एकूण आकडे डिस्क.ऑलखाली आणि प्रत्येक डिस्कचे डिस्क.डेव्हखाली असतात. इन्स्टन्सचा संच बदलला की फांदीही बदलायची. म्हणून एसएमएस.रीझन.रिजेक्टेड, नवं क्लस्टर ४, आयटम ०. इन्स्टन्स: साचा-जुळला-नाही, पाठवणारा-अमान्य, डीएनडी, मुदत-संपली, इतर.

‘इतर’वर सहकाऱ्याने हात वर केला: कंपन्या शेकडो एरर कोड पाठवतात, प्रत्येकाला इन्स्टन्स का नको? कारण त्यातले बरेचसे वर्षातून एकदा उगवतात, आणि एकदा उगवलेला इन्स्टन्स संग्रहात कायमचा राहतो. कोड लॉगमध्ये आहेत, तिथेच राहू देत.

दुपारी ३.००

कोड ज्युनियर लिहिते, मी शेजारी खुर्ची ओढून बसतो. पायथनमध्ये हा भाग लहानच: प्रत्येक मेट्रिकसाठी क्रमांक, प्रकार, इन्स्टन्सचा संच, अर्थ आणि एकक सांगायचं, आणि मूल्य मागितलं की उत्तर देणारं एक फंक्शन लिहायचं.

प्रकारापाशी ती थांबली. ३२ बिटं पुरणार नाहीत का? मेसेज मोजायला पुरतील, मिलिसेकंदांच्या बेरजेला नाही. नेटवर्कवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. एक गिगाबिटची तार पूर्ण भरून वाहायला लागली, तर बाइट मोजणारा ३२ बिटांचा काउंटर साधारण ३४ सेकंदांत पूर्ण फिरून परत शून्यावर येतो. मिनिटाला एकदा वाचणाऱ्याला कळणारही नाही की मधे एक फेरी होऊन गेली. सगळ्यांना ६४ बिटं.

एककही घोषित करायचं: वेटला काळ, मिलिसेकंद, लेटला नग. घोषित केलं की पीसीपीची साधनं काउंटर ओळखून त्याचा दर आपण होऊन काढतात. वेटचा दर काढला तर काळ भागिले काळ, नुसती एक संख्या उरते. तिचा अर्थ, एका क्षणी सरासरी किती मेसेज ताटकळत होते. हे लक्षात आल्यावर ज्युनियर मिनिटभर पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मग रांगेची लांबीपण यातूनच निघते की!’ निघते. म्हणून तर बेरजा द्यायच्या.

कर्नलच्या बाबतीतही ‘काउंटर’ हा शब्द डोळे झाकून घेऊ नये, हेही सांगितलं. लिनक्सचा आयओवेट चढता असायला हवा, पण काही परिस्थितींत तो घटू शकतो, असं कर्नलच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे.

मूल्यं आणायची कुठून? तिने पहिल्या झटक्यात डेटाबेसवर क्वेरी लिहिली. खोडायला लावली. पीएमसीडी मुळात एजंटच्या उत्तरासाठी ५ सेकंद थांबतो, त्यानंतर तो त्याला तोडून मोकळा होतो. डेटाबेस रेंगाळला की एजंट जाणार, म्हणजे आकडे सगळ्यात जास्त हवे असतील नेमके तेव्हा गायब. डिस्पॅचर स्वतःच दर सेकंदाला एका छोट्या फाइलीत आकडे लिहितो, एजंटने ती वाचायची आणि उत्तर द्यायचं. मोजणाऱ्याने कामाच्या वाटेत उभं राहू नये.

दुपारी ४.२०

डीबीपीएमडीए. एजंटला पीएमसीडीशिवाय एकटं गाठून उलटतपासणी घेण्याचं साधन. वर्णन विचारा, इन्स्टन्स विचारा, मूल्य विचारा, मदत-मजकूर विचारा. वर्णनं बरोबर आली. एसएमएस.रीझन.रिजेक्टेडचं मूल्य विचारल्यावर शून्य इन्स्टन्स आले, कारण चाचणीच्या यंत्रावर अजून एकही मेसेज नाकारला गेला नव्हता.

यावर ज्युनियरचं म्हणणं, बरोबरच आहे, काही नाहीच तर दाखवायचं काय? मी म्हटलं, पहिला नकार आल्यावर काय होईल ते बघ. इन्स्टन्स उगवेल, मूल्य १. दर काढायला आधीचं मूल्य हवं, ते नाही, म्हणून आलेखावर काहीच येणार नाही. दुसऱ्या वाचनात मूल्य तेच असेल तर दर शून्य. म्हणजे पहिला नकार कुणाला कधीच दिसणार नाही, आणि एकदम दोनशे नाकारले गेले असतील तर दोनशेही दिसणार नाहीत. म्हणून ठाऊक असलेली सगळी कारणं सुरुवातीपासूनच शून्य घेऊन उभी करायची. ‘शून्य’ म्हणजे मोजलं आणि नाही. इन्स्टन्सच नसणं म्हणजे मोजलंच नाही. तिने पाच ओळी बदलल्या.

मदत-मजकूर मी स्वतः लिहितो, ते काम कुणाला देत नाही. एक ओळ छोटी, मग सविस्तर. वेटसाठी लिहिलं: घड्याळ कुठे सुरू होतं, कुठे थांबतं, हँडसेटवर पोचण्याचा वेळ यात नाही, सरासरीसाठी कुठल्या मेट्रिकने भागायचं. ‘वेट म्हणजे वाट पाहण्याचा वेळ’ असला मजकूर लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. ते नाव वाचूनच कळलं होतं.

संध्याकाळी ५.३०

आधी चाचणीच्या यंत्रावर, मग महापेच्या एका यंत्रावर, मग बाकीच्यांवर. रूट होऊन एजंटच्या डिरेक्टरीत इन्स्टॉल चालवायचं. ते नावं झाडाला जोडतं, पीएमसीडीच्या कॉन्फिगमध्ये ओळ बसवतं, पीएमसीडीला जागं करतं आणि शेवटी किती मेट्रिक्स दिसली आणि किती मूल्यं आली ते छापतं. मी त्या शेवटच्या ओळीखेरीज काही वाचत नाही. आकडे जुळले.

नाव झाडाला लागलं म्हणजे ते नोंदवलं जातंच असं नाही, हे पुष्कळांना उशिरा कळतं. पीएमलॉगरच्या कॉन्फिगमध्ये पाचही नावं घातली: वेट, लेट आणि रिजेक्टेड दर मिनिटाला, ओल्डेस्ट दर दहा सेकंदांना, लेट_लिमिट फक्त एकदा. हे शेवटचं लिहून झाल्यावर खोडलं. मर्यादा बदलली तर एकदाच्या नोंदीत ती दिसणार कशी? तासाला एकदा केलं.

ऑपरेशन्सच्या दादांना पाळीच्या वहीत नोंद करायला सांगितली. ते म्हणाले, ‘नावं इंग्रजीत सांगा सावकाश, आणि धोक्याची घंटा कुठली वाजणार तेवढंच सांगा.’ घंटा एकच लावली आहे: ओल्डेस्ट ६० सेकंदांच्या वर सलग दोन मिनिटं राहिला तर पीसीपीचं राखण करणारं साधन, पीएमआयई, ओरडेल. दादांनी लिहून घेतलं आणि विचारलं, जेवणाच्या वेळेला तर नाही ना वाजणार.

रात्री ९.१०

घरी. पाळीवरच्या मुलाचा फोन.

‘सर, वेटच्या आलेखात ८.२२ ला रेघ तुटलीय. एजंट मेला का?’

‘नाही. ८.२० ला डिस्पॅचरचं नवं रिलीज गेलं ना? प्रोग्राम नव्याने सुरू झाला, काउंटर शून्यापासून निघाले. आधीच्यापेक्षा लहान आकडा आला की त्याचा दर काढत नाहीत. तेवढं एक वाचन गळतं.’

‘तिथे शून्य दाखवता येणार नाही का? बँकेचा माणूस स्क्रीनशॉट मागतोय. तुटकी रेघ पाहिली की विचारत बसतो.’

‘शून्य दाखवलं तर तो म्हणेल, त्या मिनिटात कुणालाच थांबावं लागलं नाही. आपल्याला ते माहीत नाहीये.’

‘बरं. पण हेल्पमध्ये मी बघितलं. तिथे नुसतं काउंटर लिहिलंय.’

‘काउंटर म्हणजे तेच.’

‘ते तुम्हाला, सर. डिस्पॅचर सुरू झाल्यापासूनचा, आणि रिलीज गेलं की रेघ तुटते, असं सरळ लिहा ना. परत फोन नाही करणार.’

लॅपटॉप उघडून वेट, लेट आणि रिजेक्टेड या तिघांच्या मजकुरात त्याचं वाक्य घातलं. पीएमसीडीला रात्री हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे, म्हणून इन्स्टॉल उद्या दुपारी.